पंखा उलटा बसवला होता

आमच्या घरात विमान उतरायचं ते रात्री साडेआठला. मुलगा जेवून उठला, पीएस४ हा टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल सुरू केला, की पहिली दहा मिनिटं शांतता. मग टीव्हीखालच्या कपाटातून आधी बारीक घूं, मग घुर्र, आणि गेममध्ये मोठं मैदान आलं की थेट धावपट्टी. आई आतल्या खोलीतून विचारायची, "एवढ्या रात्री मिक्सर कोण लावतंय?" एके दिवशी खेळ मध्येच थांबला आणि पडद्यावर सूचना आली की यंत्र फार तापलंय, बंद करून गार होऊ द्या. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते चुलीवर ठेवलं होतं.

आम्ही पुण्याला लागून वाघोलीत राहतो. ज्यांना वाघोली माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एका अंगाला दगडखाणी आणि खडीचे क्रशर, दुसऱ्या अंगाला उभे राहणारे टॉवर, आणि मधून नगर रोडची अखंड वाहतूक. इथली धूळ दोन जातींची असते. खडीची राखाडी, बोटांत चुरचुरणारी. आणि सिमेंटची पांढरट, हलकी, पण जरा दमट हवा लागली की जिथे बसेल तिथे धरून राहणारी. फडक्याने पुसलं की ती निघत नाही, नुसती जागा बदलते.

कन्सोल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझ्यासमोरच उघडला. वरचं झाकण निघालं, पंखा निघाला, आणि त्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा जो गठ्ठा असतो, हीटसिंक, त्याच्या तोंडावर चक्क नमदा बसला होता. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला, दाट, राखाडी. त्याने चिमट्याने एक कोपरा धरला आणि अख्खी पट्टी सोलून काढली. त्यात आईचा एक पांढरा केस होता आणि झुरळाचा एक पाय. "दादा, दिवाळीत साफ केला होता ना आपण?" तो म्हणाला. केला होता. मधे आठ महिने गेले होते. ब्लोअर मारून, प्रोसेसरवरची पेस्ट बदलून त्याने आठशे रुपये घेतले, आणि वर सल्ला दिला की बंद कपाटात ठेवू नका, मोकळा ठेवा.

मोकळा ठेवला. टीव्हीच्या बाजूला, टेबलावर. आवाज कमी झाला हे खरं, पण पंधरा दिवसांत त्याच्या कडेच्या फटींवर राखाडी मिशी फुटली. पीएस४ची रचनाच तशी आहे. कडेने जी बारीक फट दिसते ती शोभेची नाही. तिथून तो हवा ओढतो आणि पाठीमागून गरम सोडतो. खेळताना दीडशे वॅटच्या आसपास वीज खातो, आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे तो कपाटात ठेवला तर उकडतो आणि बाहेर ठेवला तर धूळ खातो. शिवाय माझा स्वतःचा जुना कन्सोल, एक्सबॉक्स ३६०, होताच. भारतात तो २००६ मध्ये आला. तापल्याने बंद पडण्याबद्दल हे मशीन इतकं बदनाम की २००७ मध्ये कंपनीला पुढच्या बाजूला तीन लाल दिवे लागण्याच्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली. माझा अजून चालतो. त्याच्या विटेएवढ्या ॲडॉप्टरमध्येसुद्धा एक छोटा पंखा आहे, म्हणजे धूळ खायला तोंडं दोन.

तेव्हा ठरवलं, दोघांनाही कपाटातच ठेवायचं, दार लावायचं, आणि कपाटालाच पंखे बसवायचे. कॉम्प्युटरचे.

पंख्यांना वीज कन्सोलमधून घ्यायची नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. कन्सोलच्या पाठीला चिकटवायचे यूएसबीवाले पंखे बाजारात मिळतात. ते मला पटत नाहीत. यूएसबीला मिळतात ५ व्होल्ट, पीएस४च्या पोर्टला फार तर ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. माझ्याकडच्या पंख्यावर लिहिलेलं १२ व्होल्ट, ०.२ अँपिअर. दोन पंख्यांचे झाले ४.८ वॅट, त्यात ५ चे १२ व्होल्ट करणाऱ्या बूस्टरची गळती वेगळी. आणि समजा पंखा जाम झाला किंवा वायर सोलवटून शॉर्ट झाली, तर झटका कुणाला? पाचशे रुपयांच्या पंख्यापायी मदरबोर्ड पणाला लावायचा नाही. कन्सोल उघडून आतून तार काढण्याचा तर प्रश्नच नाही. त्याला कळूसुद्धा नये की बाहेर कुणी त्याची काळजी घेतंय.

माळ्यावर जुना कॉम्प्युटर होता. त्यातून १२० मिलिमीटरचे दोन पंखे काढले आणि ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा. एसएमपीएस मदरबोर्डशिवाय सुरू करायची युक्ती जुनी आहे. मोठ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते. ती कुठल्याही काळ्या वायरला जोडली की त्याला वाटतं कुणी बटण दाबलं. मी कागदाची यू पिन वाकवून दोन्ही भोकांत खुपसली आणि तो घरघरत उठला.

इथे पहिली फजिती. एसएमपीएसच्या चार पिनांच्या कनेक्टरमधून लाल, काळी, पिवळी वायर येते. पंख्यालाही लाल, काळी, पिवळी. मी शहाण्यासारखी लालला लाल जोडली, काळीला काळी, आणि पिवळी सोडून दिली. पंखा फिरला, पण उन्हाळ्यातल्या दुपारी छताचा पंखा व्होल्टेज नसताना फिरतो तसा. मला वाटलं, म्हातारा झाला. दुसरा लावला, तोही तसाच. मग मल्टिमीटर काढला. एसएमपीएसची लाल म्हणजे ५ व्होल्ट, आणि १२ व्होल्टची वायर पिवळी. पंख्याच्या बाबतीत मात्र लाल म्हणजे १२ व्होल्ट आणि पिवळी म्हणजे तो किती वेगाने फिरतोय हे मदरबोर्डला सांगणारी वायर. म्हणजे रंगाला रंग जोडणं हीच चूक. पिवळीला पिवळी जोडली नाही हे नशीब, नाहीतर निरोप्याच्या वायरीत १२ व्होल्ट गेले असते.

पिवळीला लाल जोडली तेव्हा पंखे कपाटातली जुनी बिलं उडवायला लागले. दोन्ही पंखे कपाटाच्या पाठीमागच्या प्लायवर, वायरी जायच्या मोठ्या चौकोनी भोकाला तात्पुरते आवळले, तोंड बाहेर. विचार सरळ होता: आत गरम हवा आहे, ती बाहेर ओढायची. दार लावलं, खेळ सुरू केला. तासाभराने आतली हवा बरीच गार. मी खूष. मुलगा मात्र एसएमपीएसकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा, ह्याच्यातपण पंखा आहे. म्हणजे पंख्यांना वीज द्यायला आणखी एक पंखा?" मी म्हटलं, तात्पुरतं आहे. आमच्या घरातल्या तात्पुरत्या गोष्टींचं सरासरी आयुष्य चार वर्षं आहे, हे तोही जाणून आहे.

तीन आठवड्यांनी दार उघडून आत बॅटरी मारली आणि डोकंच फिरलं. बंद दाराच्या कपाटात, टेबलावर होती त्याहून जास्त धूळ. आणि तीही जागोजागी नक्षी काढल्यासारखी. दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीसमोर एक लांब राखाडी पट्टा, बिजागऱ्यांपाशी हातपंख्याच्या आकाराचे दोन डाग, खालच्या कोपऱ्यात प्लाय जिथे नीट मिळत नाही तिथे एक त्रिकोण. कन्सोलची मिशी परत उगवली होती.

संध्याकाळी आईने देवापुढे उदबत्ती लावली होती. मी एक मागून घेतली. "आता कपाटाला ओवाळतोस का?" आई म्हणाली. कपाटाचं दार लावलं, पंखे सुरू केले आणि उदबत्ती दाराच्या फटीसमोर धरली. धुराची रेघ सरळ वर जाता जाता एकदम वाकली आणि फटीतून आत शिरली, सुईत दोरा ओवावा तशी. बिजागरीपाशी धरली, तिथेही आत. खालच्या कोपऱ्यात, तिथेही आत.

आता पुढचं सांगायला लाज वाटते, कारण माझा धंदाच तो आहे. मी सणसवाडीला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशीनचे जे कंट्रोल पॅनेल असतात, लोखंडी कपाटंच ती, त्यांच्या आतही ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय तापतात आणि बाहेर ग्राइंडिंगची धूळ असते. तिथे काय करतो आम्ही? पॅनेलच्या खालच्या अंगाला फिल्टरसकट पंखा लावतो आणि हवा आत ढकलतो. वरच्या अंगाला नुसती जाळी, तिथून ती बाहेर पडते. दर महिन्याला ते फिल्टर मी स्वतः झटकून घेतो. पोरांना शिकवताना सांगतो, पंखा बाहेर ओढणारा लावलास तर पॅनेलला जितक्या भेगा तितकी तोंडं होतील, आणि त्यातल्या एकालाही फिल्टर नसेल. आत ढकलणारा लावलास तर हवा शिरायला एकच तोंड, तिथे फिल्टर, आणि बाकीच्या सगळ्या भेगांतून आतली स्वच्छ हवाच बाहेर येत राहील. इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हेच असतं. गाळलेली हवा आत जरा जास्त दाबाने ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरच्या बोळातली हवा आत येत नाही. हे सगळं पाठ असलेला माणूस घरी येऊन पंखा उलटा बसवतो.

म्हणून पंखे फिरवले. पंख्याची हवा कुठे जाते हे ओळखायची खूण सोपी आहे: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे चार आडवे दांडे आणि स्टिकर असतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. काहींच्या कडेवर बाणही असतात. पण नुसते फिरवून भागणार नव्हतं. कपाटाच्या पाठीमागे, भिंतीलगत, गरम हवा सुटते तिथेच ते होते. तीच हवा त्यांनी परत आत घेतली असती. आत घ्यायची हवा कपाटाच्या डाव्या बाजूने, खालून घ्यायची आणि मागचं वरचं भोक बाहेर जायला मोकळं ठेवायचं, असा नवा नकाशा झाला.

त्यासाठी पाकिटावर हिशेब केला. दीडशे वॅट उष्णता, आणि कपाटातली हवा खोलीपेक्षा आठ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा लागते. पंखेवाल्यांच्या भाषेत चौतीसेक सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. पंख्याच्या खोक्यावर पन्नास लिहिलेले असतात, पण ते मोकळ्या हवेतले. समोर फिल्टर आला की ते अर्ध्यावरही येतात. म्हणून एकाच्या जोरावर राहायचं नाही, दोन हवेत. दोन्ही कन्सोल एका वेळी चालत नाहीत. टीव्ही एकच आहे आणि त्यावरून आधीच पुरेशी भांडणं आहेत.

एसएमपीएस माळ्यावर परत गेला. रविवारी तपकीर गल्ली गाठली. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची ही पंढरी. एलईडीच्या पट्ट्या, स्पीकर, स्विच, वायरींची भेंडोळी, आणि मधून वाट काढणाऱ्या स्कूटर. मला हवा होता १२ व्होल्टचा ॲडॉप्टर. घरात जुन्या राउटरचा एक होता, पण त्याच्यावर ९ व्होल्ट छापलेलं, आणि आणखी जुन्या मोडेमचा तर एसी आउटपुटचा निघाला. हे बघून घ्यावं. ॲडॉप्टरची पिन बसते म्हणजे वीज जुळते असं नाही. दुकानदाराने विचारलं, "कशाला पाहिजे, कॅमेऱ्याला?" सीसीटीव्हीवाल्यांमुळे १२ व्होल्टचे ॲडॉप्टर आता शेंगदाण्यासारखे मिळतात. मी म्हटलं, दोन पंखे चालवायचेत. "मग १ अँपिअरचा पुरतो. पण २ चा घ्या. ह्यांच्यावर जे लिहिलेलं असतं त्यातलं निम्मं खरं धरायचं." स्वतःच्या मालाबद्दल इतकं प्रामाणिक बोलणारा दुकानदार मला फार आवडला. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का असलेला जरा महागातला घेतला, अडीचशेचा. सोबत दोन स्क्रूवाली हिरवी डीसी पिन, म्हणजे सोल्डरिंग नको, नुसत्या वायरी आवळायच्या. १ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट. आणि व्होल्टेज हवं तेवढं कमी करायचं एक निळं पिटुकलं मॉड्यूल, एलएम२५९६ चिपवालं, साठ रुपयांचं.

त्या मॉड्यूलने मला अर्धा तास छळलं. त्याच्यावर निळ्या ठोकळ्याला पितळी स्क्रूचं एक टिचकं डोकं असतं, तो फिरवला की बाहेर येणारं व्होल्टेज बदलतं. मी चार वेढे फिरवला, मल्टिमीटर हलेना. सहा वेढे, आठ वेढे. बिघडलेलं गळ्यात मारलं म्हणून दुकानदाराची मनोमन आई-बहीण काढली. बाराव्या-पंधराव्या वेढ्याला आकडा एकदम सरकायला लागला. हा स्क्रू बरेच वेढे फिरणारा असतो आणि नव्या मॉड्यूलमध्ये एका टोकाला जाऊन बसलेला असतो. पंखा जोडायच्या आधी हे सगळं करून घ्यायचं, हे एवढं मला सुचलं होतं.

व्होल्टेज कमी का करायचं? आवाजासाठी. १२ व्होल्टवर दोन पंखे म्हणजे कपाटाचं टेबल फॅन होतं. ५ व्होल्टवर जवळपास ऐकू येत नाहीत, पण हवाही नावालाच. मी हळूहळू खाली येत साडेपाचला आलो, दोन्ही छान फिरत होते. बंद केलं, परत चालू केलं, तर एक जागचा हलेना. बोटाने ढकलला की फिरायचा. पंख्याला फिरत राहायला जितकं व्होल्टेज लागतं त्याहून थांबलेल्या स्थितीतून उठायला जास्त लागतं. स्कूटरच्या चोकसारखंच. शेवटी ८ व्होल्टवर ठेवलं. दहादा चालू-बंद करून पाहिलं, दहाही वेळा दोघं उठले. चार वायरींचे नवे पंखे असतात त्यांना वेगाची वेगळी वायर असते. ती मोकळी सोडली की पंखा पूर्ण वेगाने पळतो. माझे जुने तीन वायरींचे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

मध्ये एकदा पिन उलटी आवळली. पंखे मख्ख. वायरी बदलल्या की चालले. माझे वाचले, सगळ्यांचेच वाचतील असं नाही.

आता फिल्टर, आणि ह्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी मच्छरदाणीची जाळी लावून पाहिली. डास अडतील, खडीची धूळ नाही. मग कॉम्प्युटरसाठी मिळतात त्या चुंबकवाल्या नायलॉनच्या जाळ्या आणल्या. केस, लोकर, कापसाचे तंतू त्यात छान अडतात, पण पांढरी बारीक भुकटी आरपार. मग उत्साहाच्या भरात एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर, अगदी बारीक कणही अडवणारा, लावला आणि पंखे नुसतेच घोंगावत बसले. हवा पुढे जाईचना, पात्यांच्या कडेने मागे फिरायची. त्या फिल्टरला ढकलायला जोर लागतो, आणि कॉम्प्युटरचे पंखे तसे बिचारे अशक्त.

उत्तर गाडीत सापडलं. सर्व्हिसिंगला गेलो होतो तेव्हा मेकॅनिकने ग्लोव्ह बॉक्समागून जुना केबिन फिल्टर ओढून काढला. एसीची हवा गाळणारा. पांढऱ्या कापडासारख्या कागदाच्या घड्याच घड्या, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. वीतभर रुंद दिसतो, पण घड्या उलगडल्या तर केवढातरी पसरेल. पसारा मोठा म्हणून प्रत्येक इंचातून हवा सावकाश जाते, आणि म्हणून अडत नाही. नवा तीनशेला मिळाला. त्याच्यावरही हवेच्या दिशेचा बाण असतो. मी तो नीट बघितला. ह्या वेळी दोनदा.

पहिल्यांदा पंखे फिल्टरला चिकटवूनच बसवले आणि आठवड्याने पाहतो तर फिल्टरवर दोन गोल राखाडी थाळ्या, बाकी सगळा कोरा. म्हणजे हवा फक्त पात्यांसमोरून जात होती आणि उरलेले पैसे वाया. मग पंखे आणि फिल्टर यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी ठेवून प्लायची एक उथळ पेटी केली. त्यानंतर फिल्टर सगळीकडून सारखा मळायला लागला.

पेटी आणि भोकं सुताराने केली. १२० च्या पंख्याला स्क्रूची भोकं एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात. मी पुठ्ठ्यावर काढून दिलं होतं. त्याने कपाटाला थोपटलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साहेब, वायर तर केवढीशी. एवढी मोठी भोकं कशाला?" मी सांगितलं, हवेसाठी. "मग दारच काढून टाका की." तर्क म्हणून ह्यात चूक काढता येत नाही. कन्सोल बाहेर काढून झाकून ठेवले होते, पण एक्सबॉक्सच्या ॲडॉप्टरची ती वीट कपाटातच विसरली. जिगसॉचा सगळा भुसा तिच्यावर. धुळीपासून वाचवायच्या कामात त्या दिवशी मीच तिला वर्षभराची धूळ खाऊ घातली. स्क्रूखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घातले, त्यामुळे प्लायची थरथर गेली.

सेट-टॉप बॉक्स कपाटातून वर आणावा लागला, कारण त्याच्या रिमोटला समोर मोकळी वाट लागते. कन्सोलच्या कंट्रोलरला लागत नाही, त्यांचं बंद दारातूनही नीट चालतं. पंख्यांचा ॲडॉप्टर कपाटाबाहेरच ठेवला. तोही तापतो, त्याला आत घेऊन आणखी पाहुणा वाढवायचा नव्हता. आणि पीएस४ची पाठ मागच्या भोकाकडे करून त्याच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या लावल्या. नाहीतर तो पाठीमागे सोडलेली गरम हवा वळून कडेच्या फटींनी परत ओढत होता. उदबत्तीनेच दाखवलं.

राहिला चालू-बंदचा प्रश्न. पहिला आठवडा भिंतीवरच्या बटणावर काम चाललं. म्हणजे खेळताना पंखे लावायचे राहायचे आणि रात्रभर रिकाम्या कपाटाला वारा घालत राहायचे. पहाटे दूध घ्यायला उठलेली बायको म्हणायची, तुझा देव जागा आहे अजून. मग टीव्हीच्या यूएसबी पोर्टचा उपयोग केला, पण पंख्यांना वीज द्यायला नाही, नुसता निरोप द्यायला. ५ व्होल्टचं एक रिले मॉड्यूल, म्हणजे विजेने आपोआप दाबलं जाणारं बटण, त्या पोर्टला जोडलं. टीव्ही लागला की रिले टक करून मिटतो आणि पंख्यांना त्यांच्या ॲडॉप्टरची वीज मिळते. टीव्ही बंद, पंखे बंद. कन्सोलच्याच पोर्टवरून हे केलं असतं, पण पीएस४ झोपलेला असतानाही कंट्रोलर चार्ज व्हावा म्हणून मुलाने पोर्ट चालू राहायची सेटिंग करून ठेवली आहे, त्यामुळे रिले कधी सुटलाच नसता. काही टीव्हींचे पोर्टही बंद केल्यावर चालू राहतात. आमचा शहाणा निघाला. ती टक आता आईलाही ओळखीची झाली आहे. ऐकू आली की ती आतून म्हणते, "बसला वाटतं अभ्यासाला."

तापमान बघायला फ्रिजमध्ये ठेवतात तसला प्रोबवाला थर्मामीटर कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात लटकवला. आधी दार लावून, पंख्यांशिवाय, तासभर खेळ झाल्यावर ४६ अंश. आता खोलीत ३० असताना ३७. घुर्र अजून येते, पण धावपट्टीपर्यंत जात नाही.

धुळीची परीक्षा मात्र आकड्यांनी करता येईना, म्हणून काळा चार्टपेपर आणला. त्याचे दोन तुकडे केले आणि प्रत्येकावर एकेक दहा रुपयांचं नाणं ठेवलं. एक कपाटात, एक कपाटाच्या वर. पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही. मावशींना तीनदा सांगितलं, त्यांनी तीनदा मान हलवली. पंधरा दिवसांनी वरचं नाणं उचललं, तर खाली काळा कुळकुळीत चंद्र आणि भोवती राखाडी आकाश. कपाटातलं उचललं. कागद डाव्या-उजव्या उजेडात धरून पाहिला तेव्हा कडेला एक पुसट चाप दिसला, तोही आधी मला आणि मग मुलाला, तिसऱ्या माणसाला दिसला नाही. बायकोने दोन्ही नाणी उचलली आणि भाजीवाल्याला दिली.

पूर्ण बंद झाली नाही धूळ. दार उघडलं की येते, मागच्या दिवाळीत रंगारी दोन दिवस भिंत घासत होता तेव्हा आली. फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. एकदा पैसे वाचवायला गॅलरीत आपटून झटकला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पापड वाळत घातले होते. त्यानंतर फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून सरळ कचऱ्यात जातो, आणि नव्याच्या पुठ्ठ्यावर मी पेनाने तारीख घालतो.

सध्या डावीकडचा पंखा थंडीच्या दिवसांत सुरू होताना टिकटिकतो. दहा मिनिटांत गप्प होतो. जुन्या कॉम्प्युटरमधले पंखे ते, बेअरिंग झिजलं असणार. स्टिकर उचलून शिवणाच्या मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून पाहिला, आठवडाभर बरा होता. ह्या रविवारी परत तपकीर गल्ली. मुलाने यादीत स्वतःचं एक कलम घुसवलं आहे, रंगीत दिवेवाले पंखे आणायचे. बंद दाराच्या कपाटात.